मस्टरवरची सही

मंडळी, बसून घ्या. मला भाषण जमत नाही. तोंड उघडलं की राग येतो, आणि आज तर खूप येतोय.

मी सदानंद. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये प्रकाश आणि मी शेजारशेजारच्या लेथवर उभे असायचो, बारा वर्षं. गेल्या रविवारी तो गेला. एका दुकानात घुसून मालकाला जबर मारहाण केली म्हणून त्याला शिक्षा झाली होती. चार वर्षं आत काढली, मग जामीन मिळाला. अपील हायकोर्टात तसंच पडून राहिलं.

आणि ते घडलं त्या संध्याकाळी तो कुठे होता? माझ्या शेजारी! मशीनवर!

आमच्याकडे एक पद्धत होती. ज्याचे हात साफ, त्याने सगळ्यांच्या सह्या हजेरीच्या मस्टरवर मारायच्या. त्या दिवशी प्रकाश ओरडला, "ए सदा, माझी पण मार ना रे, हात बघ माझे." कोपरापर्यंत ग्रीस. मी मारली. चुकलं काय आमचं? कोर्टात कळलं.

सरकारी वकिलांनी विचारलं, "ही सही कुणाची?"

"माझी. पण तो तिथेच होता."

"तो नसतानाही कधी सही केलीत?"

मी खरं सांगितलं. एकदोनदा केली होती, त्याची पोरगी आजारी होती तेव्हा. झालं! साक्षीदार भरवशाचा नाही. माझं खरं बोलणंच त्याच्या मुळावर आलं. ह्याला काय म्हणायचं?

तो माझ्यावर चिडला नाही, असं कुणी सांगू नका. चिडला. तुरुंगात भेटायला गेलो तर दोनदा मला परत पाठवलं. तिसऱ्यांदा आला आणि म्हणाला, "तू खोटं बोलला असतास तर मी आज घरी असतो, सदा." मग म्हणाला, "पण तसं नको होतं मला."

त्या दिवशी स्मशानात काही जण मला म्हणाले, माणूसच गेला, आता कशाला कोर्ट? अहो, माणूस गेला, पण गुन्हा अजून त्याच्याच नावावर आहे! वकील सांगतात, तीस दिवसांत घरच्यांनी अर्ज केला तर अपील पुढे चालवता येतं. सात दिवस गेले. सुनंदावहिनी उद्या अर्ज करणार आहेत. मी सोबत जाणार आहे. ज्यांना ‘कशाला?’ असं वाटतं त्यांनी घरी बसावं.

काल वहिनींनी विचारलं, "भाऊजी, हे निर्दोष ठरले, तर तो कागद द्यायचा कुणाच्या हातात?"

त्याचं उत्तर आता सांगतो, वहिनी. तो कागद ह्याच विहारात, ह्याच माणसांसमोर, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचा. तुम्ही वाचायचा. आणि मंडळी, आज आलात तसे तेव्हाही सगळे या. कितीही वर्षं लागली तरी या.

आता उभे राहू या. दोन मिनिटं शांत.

प्रकाश, मित्रा, जयभीम.