मायक्रोमीटरची डब्बी

सांगाच लागते का? — लेथ पाह्यली, वाईस पाह्यला, ड्रिल फिरवून पाह्यली, भाव बोलून झाला, अन् आता जाता जाता तुमाले ह्या मायक्रोमीटरची डब्बी पाह्यजे. नाई आहे म्हणलं तं नाई आहे. पन तुमी तिथंच उभे — बाबा, अशी वस्तू डब्बीशिवाय येत नाई, डब्बी कुठी गेली? गेली. कुठी गेली ते गावात ज्याले त्याले ठाऊक आहे, अन् मलेच माझ्या तोंडानं सांगाले लावता. बसा मंग. ऐरणीवर नोका बसू, त्या खोक्यावर बसा. अन् पह्यले तो तुमचा आकड्याचा काटा पिशवीत घाला. काटा नोको मले इथी.

लय येऊन राह्यले तुमच्यासारखे. चंद्रपुरावरून फटफटीवर येतेत, म्हाताऱ्याच्या डोळ्यात फूल पडलं असं कोणाकून तरी आइकतेत, अन् लागले लोखंडाले हात लावाले. गिधाड बिचारं जीव जायची तरी वाट पाह्यते, तुमी मोतीबिंदूवरच उतरता. राग नोका मानू. — मानला तं माना, माझं काय जाते. मी पन असाच होतो म्हणा. ह्या छपरीतली एक वस्तू मी कोऱ्या भावानं नाई घेतली. घन आणला बंद पडलेल्या आरामशीनीतून. भाता आणला दोघा भावाच्या भांडणातून — वाटण्या करता करता भाता मधातून कापाले निघाले होते, मी म्हणलं कापू नोका, मले द्या. कोणाचं काही बसलं, कोणाचं काही बुडालं, का मी हजर. बायको म्हणे, तुमाले मयतीचा वास येते का जी? येत होता. खोटं काऊन बोलू.

अन् ही लेथ वरोऱ्याची. एक जिनिंग बंद पडलं होतं तिथलं, मालकानं हिरवा रंग मारून नवरीच्या पेटीसारखी ठेवली होती. संगं श्रीहरी होता. श्रीहरी म्हणजे माझा दोस्त, इथून चार घरं सोडून राहे, खाणीच्या वर्कशॉपात फिटर. त्यानं लेथच्या बेडवरून, म्हंजे खालच्या लोखंडी पाटावरून, नख फिरवलं — चकाजवळ, जिथं जास्त काम होते तिथं — अन् म्हणे लटारू, इथी घासलेली आहे, अन् रंगाखाली लांबी, म्हंजे पुट्टी, भरली आहे, घेऊ नोको. मी घेतली. काऊन घेतली? सस्ती होती म्हणून, अखीन काऊन. कोळशाच्या रिकाम्या ट्रकात घालून आणली, इथी मांडली, डिझेल इंजिनाचा पट्टा चढवला, तं चार दिवसात लांबी पापडावानी निघाली. सळाख सोलली का एका टोकाले जाड, एका टोकाले बारीक, गाजर पाह्यून घ्या. लोक हासून राह्यले. वरोऱ्याच्या मालकाले मी इतक्या शिव्या घातल्या — म्हणलं ह्या लोकाले शरम नाई, न समजणाऱ्या माणसाच्या गळ्यात भंगार बांधतेत. अजून घालतो. आताबी घातल्या असत्या, पन जाऊ द्या.

हो, आता सरळ चालते. आताच पाह्यली नं तुमी. ते श्रीहरीचं काम. जुनी कानस घासून त्यानं खरडणी केली, तेलात शेंदूर कालवून सरळ पट्टीले लावे, पट्टी बेडवर सरकवे, जिथं शेंदूर लागला तिथं उंच, तिथं जरासं खरडे. मंग पुसे, मंग अखीन लावे. चार महिने, भाऊ. पाळी सुटली का खाणीतून सीधा इथी, गुडघ्याखाली पोतं टाकून बसे. केसाएवढं खरडून फुंकर मारे, अन् मान वाकडी करून पाहे, जसं काही दागिना घडवून राह्यला. एक पैसा नाई घेतला. मी एकदा काढले तं म्हणे, ठेव, तुले रंग पाह्यून घेताना अक्कल नाई आली, आता ह्या लेथवर जे करशीन ते बरोबर कर म्हंजे झालं. असा बोले. माणूस मोठा तिखट होता. — तिखट नाई, सरळ होता. पट्टीसारखा.

हे मायक्रोमीटर त्याचं. त्याच्या उस्तादानं नोकरीतून जाताना त्याले दिलं होतं. सागाची डब्बी, अंदर निळी मखमल, मखमलीत बरोबर ह्याच्या आकाराचा खड्डा — नालासारखा, पुढं दांडी. दुसरं काही त्यात बसणारच नाई. श्रीहरी कोणाले हात लावू देत नव्हता. डोक्याच्या केसाची जाडी मोजून दाखवे लेकरायले, अन् पुसून परत निजवे त्यात.

ब्याऐंशीच्या पावसाळ्यात हिवतापानं गेला. पंधरा दिवसात. विहारातलं पुण्यानुमोदन झालं, लोक जेवून गेले, अन् — हो, गेलो मी. तिसऱ्याच दिवशी गेलो. नसतो गेलो तं वरोऱ्याचा कोणी आला असता, रंगवाला, अन् बाईले फसवून गेला असता, म्हणून गेलो. त्याची बायको, गिरजाबाई, ओसरीवर बसून होती. म्हणलं बाई, हे लोखंड जागा अडवून बसलं आहे, गंजून जाईन, मी घेऊन टाकतो. ती म्हणे, लटारूभाऊ, मले यातलं काही समजत नाई, तुमी म्हणान ते. बस, हे बोलली. तुमी म्हणान ते. मंग म्हणलं मी. म्हणलं लोखंड आहे बाई, लोखंडाच्या भावानं जाते. बिरजू बेपाऱ्याचा मोहफुलं घ्याचा मोठा काटा मागून आणला, तिच्याच दारच्या चिंचेले टांगला. दहा माणसासमोर टांगला, काही चोरून नाई. कानशी गेल्या, आटे पाडाच्या डाया गेल्या, टॅप गेले, लोखंड आवळून धराचा वाईस गेला — हाच, ज्याच्यावर तुमचा हात आहे — पारड्यात मोहफुलं चिपकून होते, वास येऊन राह्यला होता. आखरीले डब्बी आली. ती म्हणे हेबी त्याचंच हत्यार आहे. मी उघडली. — आता लाकडाचे पैसे लोखंडाच्या भावानं कोणी देते का? तुमी द्यान? मायक्रोमीटर काढलं, पारड्यात टाकलं. काटा हालला बी नाई. अन् डब्बी तिच्या हातात दिली, म्हणलं ठेवा बाई, सुई-दोरा ठेवाले कामी येईन. तिनं पदरानं पुसली. म्हणे तुमच्यावानी माणूस नाई, भाऊ.

इतका नोका पाहू माझ्याकडं. तोलून घेतलं मी. तोलून.

आठ-नऊ महिने काही नाई. मंग एप्रिलात जयंतीले तिचा भाचा आला, खुशाल नावाचा, तोबी फिटरच. बाई काही तरी टाका घालत होती, डब्बी उघडी, मखमलीवर सुया अन् रिळं. त्यानं सुया बाजूले केल्या, त्या खड्ड्यातून बोट फिरवलं, अन् इचारलं, आत्या, यातली वस्तू कुठी आहे? तिनं सांगितलं. मंग त्यानं तिले सांगितलं, वस्तू काय असते ते, अन् तिची किंमत काय असते ते. भाच्यानं करून दिलेला घोटाळा आहे सगळा. नाई तं ती सुखानं शिवत होती.

बाजाराचा दिवस. इथी दहा-बारा माणसं फाळ पाजवाले आलेली, भट्टी पेटलेली. ती आली, कोणाकडं पाह्यलं नाई, डब्बी उघडून ह्या वाईसवर ठेवली. रिकामी. सुयाबी काढून आणली होती. म्हणे, "लटारूभाऊ, ही जागा ओळखता का?" भात्याचा दांडा माझ्या हातात. मंग म्हणे, "माझ्या माणसाले तुमी मोहफुलाच्या काट्यावर तोललं." मोठ्यानं नाई बोलली. मोठ्यानं बोलली असती तं मी बी बोललो असतो. वस्तू मांगली नाई, पैसे मांगले नाई. डब्बी उचलली अन् गेली. भट्टीतला फाळ जळून गेला त्या पायी, माहीत आहे? धन्याले मले नवा द्या लागला.

आता तुमीच सांगा. असं बोलते का कोणी, चार माणसासमोर, वयानं मोठ्या माणसाले? मी पैसे पाठवले, तिनं परत पाठवले. मंग बायकोच्या हातानं निरोप धाडला का वस्तू गंजून राह्यली, डब्बी तरी विकत द्या. तं तिनं काय उत्तर धाडावं — डब्बी आहे इथीच. त्यात ठेवाचं असन तं घेऊन या म्हणावं, अन् स्वतः या. पाह्यलं? मी जावं. मी, अन् त्या चिंचेखालून. चार वर्षं झाली, चार घरावर, नाई गेलो.

काऊन, गंजलं कुठी आहे? दर रविवारी तेल देतो मी याले. बायकोच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात ठेवतो. — नाई, माप नाई घेतलं याच्यानं. एकबी नाई. डोळे गेले नं. — डोळे गेल्या साली गेले, बरोबर आहे तुमचं. त्याच्या आंधी — त्याच्या आंधी काम नाई पडलं. तुमी पोलीस आहा का?

कुठी चाल्ले? नाई. तुमी नोका जाऊ डब्बी आणाले. तुमाले देईन ती, मले ठाऊक आहे, पैसे बी नाई घेणार, चहा पाजून देईन — अन् मंग तुमी याले त्यात ठेवान अन् चंद्रपुरात नेऊन विकान. बसा खाली. ते मायक्रोमीटर ठेवा. फडक्यावर ठेवा, नागव्या लोखंडावर नाई. ते इकाचं नाई आहे. लेथ न्या. — नाई, लेथबी राहू द्या, तिले तुमी पुन्हा हिरवा रंग मारान. वाईस सोडा. काहीच इकाचं नाई आज, उचला तुमची पिशवी अन् निघा. अन् चिंचेपाशी कोणी इचारलं का म्हाताऱ्याचा माल काऊन नाई नेला, तं सांगा का एक माफी राह्यली आहे, ते झाल्याशिवाय काही हालत नाई. माझी नाई. मी तोलून घेतलं. माफी मागाची आहे तिनं — गिरजाबाईनं.