पांढरे मोजे

अक्का : आणि वर्षही नेमकं हेच निवडलंस! दादाच्या नातीला जुळं झालं, डॉक्टरांनी माझी पाठ कापली, आणि तुला फिरतं घर घ्यायची हौस आली.

धाकटा : हौस? अक्का, गाडी तुझ्यासाठी घेतली. तुला रेल्वेत बसवत नाही, बसमध्ये बसवत नाही. दादाकडे न्यायचं तर आडवं घालूनच न्यायला हवं. म्हणून पलंगवाली गाडी शोधली. जुनी असेना का.

अक्का : पलंग आणलास खरा, बरोबर पाहुणेही आणलेस. बघ माझे पाय. जागा उरली नाही चावायला.

धाकटा : पिसवा आहेत गं. वाघ नाहीत.

अक्का : वाघ एकदाच खातो. विकणाऱ्याला विचारलं नव्हतंस?

धाकटा : विचारलं तर! तोंडावर विचारलं, गाडीत कुत्रं होतं का? तो म्हणाला, जन्मात कुत्रं पाळलं नाही.

अक्का : आणि मांजर?

धाकटा : मांजराचं काय?

अक्का : मांजर होतं का, विचारलंस?

धाकटा : कुत्र्याचं विचारल्यावर माणूस मांजराचं आपणहून सांगणार नाही का?

अक्का : त्याच्या जागी तू असतास तर सांगितलं असतंस?

धाकटा : ...नसतं.

अक्का : पलंगाच्या फळीखाली इतके केस निघालेत की उशी भरेल. आणि चटई झटकली तर कण्यांसारखे चिकट दाणे पडले. ते कसले, देव जाणे.

धाकटा : तू काळजी सोड. जन्मभर बस चालवलीय मी. डेपोत ढेकूण झाले की औषध मारायचं, दारं-खिडक्या लावायच्या, कुलूप घालायचं, किल्ली खिशात. आत खायला कुणी नाही, बाहेर यायला वाट नाही. आपोआप खलास.

अक्का : किती दिवस?

धाकटा : पंधरवडा धर.

अक्का : आणि तोवर दादा... नाही, काही नाही. घाल कुलूप.

(फोन वाजतो. अक्का स्पीकर लावून तो मांडीवर ठेवते.)

थोरला : चिमे, कुठवर आलात?

अक्का : दादा, अजून आमच्याच अंगणात आहोत. गाडीत जरा काम निघालं.

थोरला : कसलं?

धाकटा : इंजिनाचं, दादा.

अक्का : आजारी माणसाशी खोटं बोलतोस? पिसवा झाल्यात, दादा. गाडीभर.

थोरला : अरे देवा... हसवू नका रे, धाप लागते. ड्रायव्हर, घेऊन ये तशाच. माझ्या अंगात रक्त उरलंय कुठं? उपाशी परत जातील बिचाऱ्या.

अक्का : तसलं बोलू नकोस. तुझी सून म्हणत होती, कातडी कागदासारखी झालीय, नख लागलं तरी चिरते. शिवाय घरात दोन तान्ही लेकरं. एक पिसू अंगावर घेऊन मी तुझा उंबरा ओलांडणार नाही.

थोरला : तू ऐकायची नाहीस, ठाऊक आहे मला. पण एवढं ध्यानात ठेव. डॉक्टर मला काही सांगत नाही. भेटायला येणाऱ्यांना मात्र म्हणतो, जमेल तितकं लवकर या.

\*

धाकटा : काढलं बघ कुलूप. ऐक, कशी शांतता आहे!

अक्का : नुसता आत जाऊ नकोस. हे पांढरे मोजे घाल. गुडघ्यापर्यंत ओढ. काळं त्याच्यावर लगेच दिसतं.

धाकटा : ह्या वयात शाळेतला पोरगा केलंस मला. ...चाललो आत. पलंगापाशी आलो. काही नाही. ओट्यापाशी काही नाही. अक्का, सगळ्या मेल्या! डेपोची विद्या आहे ही, मानतेस की नाही?

अक्का : मोजे दाखव.

धाकटा : बगळ्याच्या पंखासारखे! थांब, इंजिन चालू करून बघतो, इतके दिवस पडून आहे. ...झालं चालू. हां, आवाज गोड आहे. असंच जरा... आं? अगं... आई गं!

अक्का : काय झालं? नाचतोस का?

धाकटा : दारातून बाजूला हो! बघ, बघ हे, तीळ पेरल्यासारखे झाले पाय! पहिल्यापेक्षा दसपट! विकतो मी ही गाडी. भंगारात घालतो. भीक नको पण कुत्रं आवर!

अक्का : मांजर.

धाकटा : तुला चेष्टा सुचतेय? पंधरवडा गेला, अक्का! दादाला काय सांगू मी? आता त्याच्याकडचा फोन वाजला की तूच घे. उद्या बैल गेला नि झोपा केला, असं झालं तर?

अक्का : म्हणून तर डोकं शांत ठेव म्हणते. इंजिन बंद कर आणि बाहेर ये. पाय त्या साबणाच्या बादलीत घाल. घातलेस? आता सांग, आत गेलास तेव्हा एकही नव्हती?

धाकटा : एकही नाही. तूच पाहिलेस मोजे.

अक्का : मग आल्या कधी?

धाकटा : इंजिन धडधडलं तेव्हा.

अक्का : ते कण्यांसारखे दाणे आठव. पिसवांचे कोश होते ते. त्यांना औषध लागलं नाही, कुलूपही लागलं नाही. रिकाम्या घरात बाहेर येऊन करायचं काय? घर हललं, माणसाची ऊब लागली की कळतं, पान वाढलं. तू पंधरवडा त्यांना अंगाई म्हटलीस, बाबा.

धाकटा : म्हणजे ढेकणांचा उपाय पिसवांना...

अक्का : ढेकूण निराळे, पिसवा निराळ्या. त्यांना कोंडायचं नाही, उठवायचं. रोज इंजिन लाव, आत पाय आपट. बाहेर आल्या की व्हॅक्यूमने ओढ आणि पिशवी बांधून लांब टाक. औषध मग मारू, जाग्या असताना. पडदे, चादरी, गादीची खोळ माझ्याकडे. इस्पितळाच्या धुलाईघरात जन्म गेला माझा, उकळत्या पाण्यापुढं कुणाची मिजास चालत नाही.

धाकटा : पण तुझी पाठ?

अक्का : उचलायचं तू. पाणी किती तापलं ते मी सांगेन. आणि नाचायचंही तूच. मी बाहेर खुर्ची टाकून बसते, टाळ्या वाजवायला.

\*

थोरला : (फोनवर) चिमे, हा कसला आवाज येतोय? भिंत पाडताय का?

अक्का : धाकटा नाचतोय, दादा. गाडीत.

थोरला : त्याच्या स्वतःच्या लग्नात नाचला नव्हता तो!

धाकटा : तेव्हा कुणी चावत नव्हतं, दादा!

थोरला : मग आज काय निकाल?

अक्का : ये रे, उतर खाली. पाय वर कर. दुसरा. टाच दाखव.

थोरला : अगं बोल की.

अक्का : पांढरे आहेत.

थोरला : नीट बघ.

अक्का : चष्मा लावून बघतेय. पांढरे आहेत, दादा. काल पांढरे होते, परवाही होते. दिव्याखाली साबणाच्या पाण्याची परात ठेवली होती, तीही कोरी. मीसुद्धा आडवी पडून पाहिलं त्या पलंगावर. झोप लागली मला.

धाकटा : घोरत होती, दादा. इंजिनापेक्षा मोठ्यानं.

थोरला : मग आता कुणाची वाट बघताय?

अक्का : उजाडायची. उजाडलं की निघतो.

थोरला : या. सावकाश चालव रे, ड्रायव्हर. तिची पाठ आहे. मी काही कुठं जात नाही.

\*

गिऱ्हाईक : गाडी स्वच्छ ठेवलीय हो. आत कुत्रं वगैरे होतं का?

धाकटा : कुत्रं नव्हतं. मांजर होतं, आधीच्या मालकाचं. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. पिसवा झाल्या होत्या, आता एक नाही. हे मोजे घाला, इंजिन लावतो, तुम्ही आत जाऊन पाय आपटा.

गिऱ्हाईक : असा विकणारा पहिल्यांदा पाहतोय! पण इतकी चांगली गाडी काढताय कशाला?

धाकटा : जायचं होतं तिथं जाऊन झालं.

गिऱ्हाईक : लांब गेला होतात?

अक्का : आमच्या थोरल्या भावाकडे. वेळेवर पोचलो. गाडी त्याच्या दाराशी लावली, ह्यानं त्याला उचलून ह्याच पलंगावर आणलं, मी खिडकी उघडली. तर म्हणतो, ड्रायव्हर, इंजिन लाव, कुणी उठतंय का बघू.

धाकटा : मी लावलं. कुणी उठलं नाही. पोट धरून हसला.

अक्का : रोज दुपारी मग इथंच पडायचा. कुशीत ती दोन तान्ही, आणि डोळे बाहेरच्या रस्त्याकडे.

गिऱ्हाईक : वा! आता बरे आहेत ना?

अक्का : नाही. त्याच्या नातीला जुळं झालं त्याच वर्षी, थंडी सरता सरता, मंगळवारी सकाळी दादा गेला. आम्ही दोघं उशाशी होतो.