आईची दलदल

नाही, मला एक सांगा, माणसं सह्या कशाला करतात? हौस म्हणून? पेन चालतंय का बघायला? कारण तुम्हाला सांगते, थंड उत्तरेतल्या आमच्या स्कारवोग गावात अकरा जणांनी सह्या केल्या होत्या, शाळेच्या सभागृहात, माझ्यासमोर, माझीच कॉफी पिऊन! की गुरुवारी जहाज येणार, एकशे ऐंशी पाहुणे पाच तास गावात उतरणार, तर सगळ्यांनी कामावर रजा टाकायची आणि श्रमदान करायचं. ओडनी वाफल, म्हणजे जाळीच्या साच्यातले गोड पोळे, भाजणार, चर्चच्या गायनमंडळातल्या नऊ जणी चार गाणी म्हणणार, आर्विद मासे वाळवायच्या मांडवाखाली उभं राहून माहिती देणार. जहाज कंपनीचा माणूस सोबत येणार होता, गाव बघायला. आवडलं तर दर उन्हाळ्यात जहाज आमच्याकडे, नाही आवडलं तर पलीकडच्या लांगविकला... लांगविकला हो, ज्यांना धड धक्का नाही! आणि जहाज हातचं गेलं की गिऱ्हाईक नाही, आमचं एकुलतं एक दुकान बंद, मग दुधाच्या पिशवीलासुद्धा बोटीत बसून लांगविकला जायचं. सहा महिने मी तो दिवस आखत होते. सह्या होत्या हो, सह्या!

मी सगळ्याची तजवीज केली होती. पाऊस आला तर काय, धुकं आलं तर काय, वारा सुटून होड्या लागल्याच नाहीत तर काय. ऊन पडेल हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही! आमच्याकडे, बावीस अंश! आणि ऊन पडलं की दलदलीत मुल्टे पिकतात... केशरी बेऱ्या हो, चार दिवसांचा खेळ, मग त्यांचं पाणी होतं. आणि मुल्ट्यांपुढे आमच्यात आई नाही, बाप नाही. नवरा शेवटचे श्वास मोजत असला तर त्याला म्हणतील, शनिवारपर्यंत कळ काढ.

बरं, सांगून जातील का? छे! जागा गुप्त ना प्रत्येकाची! मुल्टे काढायला चाललो, असं आमच्या गावात जन्मात कुणी म्हटलेलं नाही. त्यामुळे गुरुवारी सकाळी सहापासून फोनावर फोन. आर्विदची पाठ धरली. गायनमंडळातल्या नऊ जणींचा घसा बसला, एकदम, सगळ्यांना मिळून एकच घसा असल्यासारखा. आणि ओडनी, माझी चाळीस वर्षांची मैत्रीण, तिची आत्या म्हणे आजारी पडली. अगं, तुझी आत्या जाऊन सहा वर्षं झाली, अंत्यविधीचा केक मी भाजला होता! दारोदार फिरले. एका पायरीवर रबरी बूट नाही, एका ओसरीत बादली नाही. आणि सह्या होत्या हो, सह्या...

नऊला होड्या लागल्या. धक्क्यावर मी एकटी, वाफलचं एक यंत्र आणि एकशे ऐंशी माणसं. कंपनीचा तो हेनिंग, गुळगुळीत दाढीचा, वही काढून विचारतो, गावकरी कुठे आहेत? म्हटलं, प्रार्थनेला बसलेत. सगळे? म्हटलं, फार धार्मिक गाव आहे.

शेवटी नवऱ्याला बोलावून घेतलं. आमचा तोरलाइफ शाळेची बस चालवतो. त्याला म्हटलं, बाबा रे, यांना कुठेही फिरव, तेवढ्यात मी पीठ कालवते. कुठेही म्हटलं मी, मान्य आहे! पण कुठेही म्हणजे माझ्या आईच्या दलदलीत?

ती जागा, तुम्हाला सांगते, आईनं मला बाराव्या वर्षी दाखवली, बायबलवर हात ठेवायला लावून. माझ्या सख्ख्या भावाला दाखवली नाही. मी तोरलाइफला सांगितली ती लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर, तेसुद्धा तो ऑपरेशनला चालला होता म्हणून. आणि हा माणूस बस घेऊन सरळ तिथे, चार फेऱ्या! मला कळलं चौथ्या फेरीला. तशीच पिठाच्या हातांनी बसमध्ये चढले, वाटभर त्याच्याशी भांडले, आणि उतरून बघते तर काय...

पाहुणे कॉफीच्या कपात मुल्टे वेचतायत. ठीक आहे, ते परके. पण त्यांच्या मधोमध माझं गायनमंडळ! नऊच्या नऊ जणी, घसा बसलेल्या, बादल्या घेऊन, एकमेकींकडे न बघता. पाठ धरलेला आर्विद कमरेत वाकलेला. एरवी वेगवेगळ्या दिवशी यायचे म्हणे. यंदा सगळ्यांना एकाच दिवशी रजा घ्यायला कुणी लावली होती? मीच! आणि तिकडे गुडघ्यांवर ओडनी. दरवर्षी मी रडायचे, यंदापण रेनडिअर आमच्या बेऱ्या खाऊन गेले गं. आणि ही माझ्याच स्वयंपाकघरात बसून म्हणायची, फार माजलेत मेले.

म्हटलं, कुणी दाखवली तुला ही जागा?

ती उठली, गुडघे झटकले. म्हणाली, "तुझ्या आईनं. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. हालदिसला, म्हणजे तुला, तर मुळीच नाही."

मागून आर्विद म्हणाला, "म्हणजे? मलापण तिनंच दाखवली."

मग एकेक करत गायनमंडळाचे नऊ हात वर झाले.

माझी आई! खोटं कशाला बोलू, रडूच फुटलं मला, त्या सगळ्या पाहुण्यांदेखत. आणि मला गप्प करायला म्हणा, लाजेनं म्हणा, त्या नऊ जणींनी गाणं धरलं, गुडघाभर चिखलात, हातात बादल्या तशाच. चारही गाणी म्हटली मेल्यांनी, आणि काय म्हटली! हेनिंगनं डोळे पुसले आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पुढच्या उन्हाळ्यापासून सहा फेऱ्या आमच्याकडे, लांगविक रद्द, आणि कार्यक्रमात पहिलं ठिकाण 'गावाची गुप्त दलदल', नकाशासकट.

सगळे म्हणतात, जिंकलीस बाई. जिंकले ना, दुकान राहिलं. पण माफी? एक जण दारात आला नाही! सह्या करणारे अकरा, माफी मागणारा शून्य! रविवारी तरातरा कबरस्तानात गेले, म्हटलं आज आईशीच भांडते. तर आईच्या कबरीवर मुल्ट्यांच्या मुरांब्याच्या बरण्या, ताज्या, ओळीनं मांडलेल्या. अकरा. जागेचं गुपित फुटलं म्हणून एकेक जण गुपचूप येऊन तिची माफी मागून गेला होता. तिची! माझी नाही! आता काय भांडणार हो? यंदा माझ्या वाट्याला एक बेरी आली नव्हती. अकराच्या अकरा बरण्या पिशवीत भरल्या आणि घरी आणल्या. म्हटलं, आईचं ते शेवटी लेकीचंच.