कारंज्याला औषध कोणतं?

नाही, म्हणजे मला तुम्हीच सांगा, पोटात जातं चमचाभर दूध आणि बाहेर येतं वाटीभर, हा कुठला हिशोब? आमचे चिरंजीव हो! नाव झकास ठेवलंय, पण घरात सगळे म्हणतात 'कारंजं'. दूध पितं, गोड हसतं, आपण विरघळतो, पापा घ्यायला वाकतो आणि... फर्रर्र! थेट कॉलरच्या आत!

तोवर मजा होती. पण पुढे पुढे तो रडायला लागला. पाठीची कमान करायची, तोंड फिरवायचं, दूध नकोच! बायको बिचारी कोमेजली. एका सकाळी मला म्हणते, "माझंच काही चुकतंय का रे?" मी म्हटलं, "छे! अॅसिडिटी असेल. औषध आणतो."

तुम्हाला सांगतो, मी फरशांच्या दुकानात आहे. दिवसभर लोकांना निवडूनच देतो, "काकू, ही चकचकीत पण पाय घसरेल, ही खरबरीत पण मळ धरेल." म्हटलं, औषधाचं काय वेगळं असणार?

गेलो केमिस्टकडे. तो डोळे मिटून सुरू, "एक असतं, पोटातलं आम्ल मारतं. दुसरं, आम्ल कमी बनू देतं. तिसरं, जवळजवळ बनूच देत नाही." म्हटलं, वा, यातलं चांगलं कोणतं? "ते डॉक्टर सांगतील. एवढ्याशा बाळाला मी चिठ्ठीशिवाय थेंब देणार नाही." अहो, मग तीन-तीन सांगितलीत कशाला? निवडायचं कसं माणसानं?

साडूला फोन लावला. साडू म्हणजे सर्वज्ञ! "अरे, औषधं सोड! ती पावडर मिळते ना, दुधात मिसळ, दूध घट्ट होतं, वर येतच नाही." म्हटलं, दादा, आमचं कारंजं आईचं दूध पितं, पावडर मिसळू कुठे? तर म्हणतो, "हं... ते तू बघ बाबा."

मग मी बसलो मोबाइलवर वाचत. वाचू नका! एक औषध म्हणे उपाशीपोटी द्यायचं. याचं पोट उपाशी असतं कधी? आणि असलं तर तो मला कळवणार कसा? दुसऱ्याचा गुण येतो म्हणे, पण काही दिवसांनी ओसरतो. तिसऱ्यानं पोट घट्ट होतं, म्हणजे वरचा नळ बंद करायला जावं तर खालचाही बंद! आता निवडायचं कसं? फरशी चुकली तर उखडता येते हो... हा एवढुसा जीव!

शेवटी गेलो डॉक्टरीणबाईंकडे. मी तिन्ही औषधं गुणदोषांसकट म्हणून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "झालं? ठेवा त्याला काट्यावर." ठेवला. काट्यावरच फर्रर्र! पुसलं, पुन्हा ठेवला. बायकोनं माझा हात असा आवळला की बोटं पांढरी.

"वजन मस्त वाढलंय."

बायको रडायलाच लागली. बाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझं काहीच चुकत नाहीये गं. उलटीत हिरवं नाही, रक्त नाही, बाळ छान भरतंय. पोटाच्या तोंडाशी झडप असते, ती अजून कच्ची आहे, मोठा होईल तशी घट्ट होईल. औषधानं आम्ल कमी होईल, दूध वर यायचं थांबणार नाही. थोडं थोडं पाज. आणि दूध अगदीच सोडलं, वजन अडलं, तर लगेच आणायचं."

मी म्हटलं, "म्हणजे तिन्हीतलं एकही नाही? अहो, रिकाम्या हातानं जाऊ का? काहीतरी लिहा हो!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि खरंच चिठ्ठी लिहिली. काय लिहिलं असेल? 'बाबा. प्रत्येक दुधानंतर अर्धा तास. खांद्याशी उभं धरून.'

"साइड इफेक्ट?" मी विचारलं.

"सवय लागते."

"बाळाला?"

"बाळाची सुटते हो."

घेतला खांद्याशी. पहिल्या दिवशी रडला, दुसऱ्या दिवशी कुरकुरला, मग माझ्या मानेत नाक खुपसून एक ढेकर दिली... अशी दणदणीत, की शेजारच्या आजोबांनी भिंतीपलीकडून "शाब्बास!" म्हटलं. आता दूध पितो, कधी उडवतो, कधी नाही, पण रडणं कमी झालंय. बायको हसते पुन्हा.

परवा बसस्टॉपवर उभे होतो, मी आपला झुलतोय, थोपटतोय, गुणगुणतोय. लोक बघतायत. बायको हळूच म्हणाली, "अरे, बाळ माझ्याकडे आहे. तू थोपटतोयस ती पिशवी आहे."

मी म्हटलं, "असू दे गं... अर्धा तास व्हायचाय अजून."