स्वतः आवळलेला नट

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत मी गॅरेजच्या बाकावर पुस्तक उघडून बसलो होतो. शेजारी एक बाई वडिलांची जुनी मोटरसायकल मेकॅनिकला दाखवत होत्या. माझे कान तिकडे गेले, हे खरं. सगळं नीट आठवतंय की नाही, याची मात्र खात्री नाही.

“खड्डा आला की बंद पडते म्हणता?”

“हो. दिवा मिणमिणतो, हॉर्न तर नुसता खोकतो.”

“बॅटरी नवी दिसतेय. प्लगसुद्धा.”

“बाबांनीच बदललं सगळं. दोन महिने खोलून बसलेत.”

“ही बघा, सीटखालची अर्थिंगची वायर. नट ढिला आहे. पण ताई, हा हादऱ्यानं सुटलेला नाही. पान्याचे ओरखडे आहेत यावर.”

“मीच सैल केला.”

“तुम्ही?”

“लांबचं दिसत नाही हो त्यांना. दोनदा पडता पडता वाचले. सांगून ऐकतील तर ते बाबा कसले!”

“आणि हा नट त्यांना सापडला नाही?”

“स्वतः आवळलेल्या नटावर ते संशय घेत नाहीत.”

“मग आता का आणलीत गाडी?”

“चाळीस वर्षं दुसऱ्याचा हात लागू दिला नाही तिला. काल पाना खाली ठेवला आणि म्हणाले, ‘माझी अक्कलच गेली गं. ने मेकॅनिककडे.’”

“आवळून देऊ?”

“नको. उद्या त्यांनाच घेऊन येते. तुम्ही फक्त विचारा, काका, अर्थिंग बघितलंत का?”

“आणि सापडल्यावर चालवायला निघाले तर?”

“चालवेन मी. ते मागे बसून माझ्या चुका काढतील.”