दाखव बघू तुझा डॉलर!

समारंभाचे अध्यक्ष, आपले मुख्याध्यापक दोर्सेन्विल साहेब, मंचावरचे फादर आणि मान्यवर, सत्कारमूर्ती ओसनेल मास्तर, वडिलांना न्यायला माँट्रियलहून आलेली त्यांची लेक नादेज, आणि काप शहरातल्या माझ्या बंधुभगिनींनो! शाळेच्या फाटकाशी अळकुड्यांची भजी तळणाऱ्या या इस्मेलीला आपण माइकपुढे उभं केलंत, हा माझा बहुमान. आता मी लवकर खाली बसले नाही, तर दोष तुमचा.

मास्तरांनी इतिहास वर्गात शिकवला म्हणता? अहो, निम्मा माझ्या कढईपाशी शिकवला! मी म्हणायची, "मास्तर, दोन डॉलर झाले." की पेटलेच! "इस्मेली, दाखव बघू तुझा डॉलर! आपल्या कुठल्या नाण्यावर आहे? कुठल्या नोटेवर आहे?"

"घ्या! पाच गुर्दचा एक डॉलर. शेंबड्या पोराला कळतं, तुम्हाला कळत नाही!"

मग खिशातून ताड आणि तोफा कोरलेलं जुनं नाणं बाहेर. आपल्या हैतीच्या राजाने म्हणे गावोगावचे भोपळ्याचे तुंबे गोळा केले, तेच देऊन कॉफी विकत घेतली, म्हणून आपल्या पैशाला तुंब्याचं नाव, गुर्द. पुढे बरीच वर्षं पाच गुर्दला अमेरिकेचा एक डॉलर मिळायचा. तो भाव केव्हाच बुडाला, शब्द तेवढा आमच्या जिभेला चिकटून राहिला. "नसलेल्या पैशात हिशेब करणारी माणसं आपण!" म्हणून कपाळाला हात लावायचे. तोवर भजी गार. पुन्हा तळायची कोणी? मीच!

एवढी वर्षं माझी एकच इच्छा होती, या माणसाच्या तोंडून एकदा तरी डॉलर ऐकायचा.

गेल्या महिन्यात ऐकला. मास्तर आले, परक्या बाईकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, किती डॉलर झाले?" मंडळी, मी जिंकले होते, आणि माझ्या हातातला झारा गळून पडला. त्यांना विसर पडतोय, हे तेच सगळ्यांना सांगतात, लपवत नाहीत. पण मला विसरतील, असं कधी मनात आलं नव्हतं हो.

मी कमरेवर हात ठेवले. म्हटलं, "मास्तर, दाखवा बघू तुमचा डॉलर!"

ते थबकले. हात खिशात गेला, नाणं बाहेर आलं. "इस्मेली," म्हणाले, "नीट ऐक. तुंब्यापासून सांगतो." आणि सगळं सांगितलं, एकही तुंबा न गाळता! माझे डोळे वाहायला लागले, तर विचारतात, "कांदा झोंबतोय वाटतं?" बघा, आताही हसताहेत.

तर नादेज बाळा, तिकडे ते कुठे हरवले, की हाच प्रश्न विचार. तिकडे डॉलर खरोखर असतो, हे मलाही ठाऊक आहे. पण म्हणून पाकिटातून काढून दाखवू नकोस हं! या भांडणात त्यांनाच जिंकू दे.

आपण ऐकून घेतलंत, सर्वांची आभारी आहे. बोलण्यात एखादं भजं करपलं असेल, तर बाजूला काढा, मला रागावू नका. बाहेर परातभर गरम भजी ठेवली आहेत. तुम्हा सगळ्यांना फुकट. मास्तरांना मात्र नाही.

मास्तर, तुमचे झाले दहा गुर्द.