गाळणकागदावर उरलेलं

—नाही नाही, बसा ना ताई, उठू नका, मागच्या बाटलीचा अहवाल तयार आहे, साहेबांची सही तेवढी राहिलीय. साहेब जेवायला गेलेत आणि साहेब जेवायला गेले की अर्ध्या तासाचा तास होतो, हे इथल्या भिंतींनाही माहीत आहे. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो — ही घ्या. या महिन्याचं पाणी आणलंत? ठेवा टेबलावर. टाकीच्या खालच्या नळाचंच ना? बरं. चांगलं केलंत. म्हणजे, चांगलं केलंत असं मी म्हणतोय खरं, पण — ते राहू दे, आधी सांगा, मुलगी कशी आहे? पोट अजून दुखतंय? आणि शाळेत? पाढे विसरते? आलेले पाढे? हं. डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं असेल ना — विचारणारच, शहाणा माणूस आहे — आणि तुम्ही आमचा कागद पुढे केलात. ‘पाणी पिण्यायोग्य’. मग ते दुसरीकडे शोधत बसले. जंत झाले, औषधं झाली, चष्म्याचा नंबर काढून झाला. आठ महिने. त्या कागदावर दोन सह्या असतात बघा, तिरकी ती साहेबांची, गोल ती माझी.

नाही, अहवालात खोटं काही नाही. म्हणजे आकडे खरे आहेत. म्हणजे कसंय — हे यंत्र बघितलंत? पाण्यातले धातू मोजतं. केसाएवढ्या नळीतून पाणी ओढून घेतं. त्यात कण गेला की नळी तुंबते. दोन वर्षांपूर्वी तुंबली, तुमच्याच टाकीच्या पाण्याने तुंबली, दुरुस्तीवाला यायला पंधरा दिवस लागले आणि साहेबांनी सगळ्यांदेखत माझी जी खरडपट्टी काढली — सव्वीस वर्षांची नोकरी माझी, आणि कालच्या पोरींसमोर मान खाली घालून उभा. त्या दिवसापासून मी पाणी आधी गाळायला लागलो. नियम काय म्हणतो? नियम म्हणतो, आधी बाटलीत आम्ल घाला, गरम करा, म्हणजे कणांना चिकटलेलं सगळं सुटून पाण्यात येईल, मग मोजा. मी उलटं केलं. आधी गाळलं, मग आम्ल. पाणी कसं, लख्ख. यंत्र खूश, साहेब खूश, तुम्ही खूश. आळस नव्हता हो, भीती होती. पण त्याने तुम्हाला काय फरक पडतो, नाही का?

आणि गाळणकागदावर काय उरायचं, तर निळा चुरा. दर महिन्याला चिमूटभर. तुमच्या टाकीवर निळी ताडपत्री आहे ना, तिचा. ऊन खाऊन खाऊन तिची लक्तरं झालीत, वारा आला की भुगा पाण्यात. ताडपत्री टाका असं कोण म्हणालं होतं? पालापाचोळा पडतो, झाकण घाला, असा शेरा कोणी लिहिला होता? मीच. तो शेरा मी एकेकाळी कौतुकाने सांगायचो. असो. आता बघा, नवं प्लास्टिक गुळगुळीत असतं, त्याला फारसं काही चिकटत नाही. पण उन्हाने ते तडकतं, खरबरीत होतं, वर बुळबुळीत थर चढतो, आणि मग पाण्यातलं शिसं येऊन त्यावर बसतं. स्वयंपाकघरातल्या जुन्या फडक्यासारखं — नव्यावरचा डाग धुतला की जातो, जुनं सगळं धरून ठेवतं. शिसं कुठून येतं? तुमच्या टाकीत ज्या ओढ्याचं पाणी येतं, त्याच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडतात ना, तिथून. पाण्यात बघाल तर थोडंसंच, मर्यादेच्या आत. पण चुऱ्यावर साठत जातं, महिनोन्‌महिने. थर चढला की चुरा जड होतो, तळाशी बसतो. आणि तळाचा नळ तुमच्या घरात.

पाण्यात नाहीच आहे हो ते, त्या निळ्या कणांवर आहे. एवढे बारीक की पेल्यात दिसतसुद्धा नाहीत. आणि पोटात आम्ल असतंच, ताई. मी जे आधी घालायला हवं होतं ना, ते तुमच्या मुलीच्या पोटाने घातलं.

रडू नका. किंवा रडा, मी कोण सांगणारा. हे घ्या, ही पाकिटं. गाळणकागद फेकायचे असतात, मी ठेवत गेलो, का ते विचारू नका, मनात कुठेतरी पाल चुकचुकत असणारच. आणि या चिठ्ठीवर हा आकडा. एक कागद मी नियमाप्रमाणे आम्लात उकळला, सगळे जेवायला गेले असताना. मर्यादेच्या कितीतरी वर आहे. डॉक्टरांना एवढंच म्हणा, रक्तातलं शिसं तपासा, आजच तपासा. आणि त्या नळाचं पाणी बंद, भाताला नको, चुळा भरायलाही नको. मुलीचं वय लहान आहे, वेळेत कळलं तर — बघू. मी डॉक्टर नाही. बायकोला काल सांगितलं हे सगळं. ती एरवी म्हणते, तुमचं तोंड आहे की नळ. काल म्हणाली, एवढं बोलता आणि हेच तेवढं गिळलंत? उद्या त्या बाईंना सांगितलं नाहीत तर घरी येऊ नका. म्हणून आज — नाहीतर, खरं सांगतो, आजही मी मूठ झाकलेलीच ठेवली असती. निवृत्तीला पाच महिने राहिलेत माझ्या.

काय? कोपऱ्यात? ते — ते काही नाही, नोंदीचा क्रमांक आहे. नाही, द्या इकडे, मी दुसऱ्या कागदावर नीट लिहून — ताई. बरं. हो. तारीख आहे ती. मागच्या महिन्याची. हो, तुम्ही मागच्या खेपेला आलात त्याच्या आदल्या दिवसाची.

माहीत होतं. हो.

तुम्ही इथेच बसला होतात, आणि मुलगी सोबत होती, पोट धरून, त्या हलणाऱ्या खुर्चीवर. मी अहवाल दिला, सही केली, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून तिला म्हणालो — तुम्हाला आठवत असेल — म्हणालो, भरपूर पाणी पीत जा ग बाळ, बरं वाटेल. आणि ती शहाण्यासारखी हो म्हणाली.

साहेब आले वाटतं. पाकिटं पर्समध्ये टाका. नाव माझंच सांगा सगळीकडे, सही आहेच. जा, ताई. बाटली राहू दे इथे. जा आता.